नांद्रुकाच्या बोन्सायचा बुंधा जाड कसा करावा

बोन्साय करायला घेतलेल्या प्रत्येकाला रोप देखण्या उथळ कुंडीत बसवण्याची घाई असते, आणि बुंधा वर्षानुवर्षे पेन्सिलीएवढाच राहतो तो नेमका या घाईमुळे. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते आणि साल व लाकूड यांच्यामधला वाढीचा पातळ थर त्यातून नवे लाकूड घडवतो. शेंडे सतत खुडले आणि मुळे कोंडून ठेवली, की हे काम मंदावते. बुंध्याला तार करकचून आवळावी, असा सल्ला अनेकजण देतात. तो ऐकू नये, कारण आवळलेल्या जागेच्या वर बेढब गाठ सुजते आणि ती पुढे कशानेही लपत नाही. बुंधा हवा असेल तर चार-पाच वर्षे हे झाड जमिनीत मोकळे वाढू द्यावे लागते. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

नांद्रुक हे वडाच्या कुळातले झाड; गोव्यात त्याचे रोप विकत घ्यावे लागत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले बी चिऱ्याच्या गडग्यात किंवा विहिरीच्या कठड्यात रुजलेले असते, तेच पहिल्या पावसात मुळांसकट अलगद सोडवून घ्यावे.

लागवडीसाठी परसात चिरे रचून वीतभर उंचीचा वाफा करावा, कारण जून ते सप्टेंबरच्या आपल्या पावसात सपाट जमिनीवर पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. सोटमूळ छाटून रोपाखाली मंगळुरी कौलाचा सपाट तुकडा ठेवावा आणि उरलेली मुळे त्यावर चहूबाजूंनी पसरून मातीने झाकावीत, म्हणजे बुंध्याचा तळ रुंद होतो. घराची भिंत, विहीर आणि सांडपाण्याची वाहिनी यांपासून वाफा शक्य तितका दूर असावा. दरवर्षी पावसाच्या सुरुवातीला वाफ्याच्या कडेने फावडे खोल मारून बाहेर पळणारी मुळे तोडावीत. शेणखत वर्षातून दोनदा पुरते.

आता फांद्यांना हात लावू नये. शेंडा पुरुषभर उंच गेला तरी जाऊ द्यावा, आणि विशेषतः तळाजवळच्या एक-दोन फांद्या जपाव्यात; त्या दिसायला गबाळ्या असल्या तरी बुंध्याचा खालचा भाग त्याच जाड करतात. मात्र एकाच पेऱ्यातून तीन-चार फांद्या फुटल्या असतील, तर एक ठेवून बाकीच्या काढाव्यात. अन्यथा बुंधा तळापेक्षा मध्येच फुगतो.

यानंतर येते ती मुख्य छाटणी. तळाशी हवी तेवढी जाडी आली, की उंच वाढलेला बुंधा खाली कापायचा असतो, म्हणजे वर नवा, बारीक शेंडा वाढून बुंध्याला निमुळता आकार येतो. माझे पहिले झाड मी येथेच गमावले. एका रोपवाटिकेतून मला सांगण्यात आले होते की पाऊस लागताच तिरका काप द्यावा, म्हणजे पाणी ओघळून जाईल आणि जखम लवकर भरेल. मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तसा काप दिला. कोंब फुटला तो कापाच्या उंच बाजूला नव्हे, तर चार बोटे खाली आणि विरुद्ध अंगाला. त्यामुळे वरचा सगळा भाग निराधार होऊन वाळत गेला. उघड्या लाकडात पावसाचे पाणी मुरत राहिले, आणि चवथीच्या सुमारास बोटाने दाबले तर साल ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. मनगटाएवढा झालेला बुंधा होता तो.

त्यानंतर मी पहिला काप कधीही तिरका दिलेला नाही आणि कोणी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे, कारण कोंब कोठून फुटणार हे आधी कळत नाही. झाडाची अखेरची उंची एक फूट ठेवायची असेल, तर तिच्या साधारण एक-तृतीयांशावर, चार इंचांच्या सुमारास, खूण करावी आणि त्याहून दोन बोटे वर सरळ आडवा काप द्यावा. ही वरची दोन बोटे वाळण्यासाठीच सोडलेली असतात. काप फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात द्यावा, म्हणजे पावसापूर्वी जखम कोरडी होते आणि नव्या कोंबांना पुढे पूर्ण पावसाळा मिळतो. हाताशी आहे म्हणून कोयता वापरू नये. त्याने साल चिरडते. बारीक दातांची धारदार करवत घ्यावी, चीक पाण्याने धुवावा, तो वाहायचा थांबला की जखमेवर लेप लावावा. बहुतेक पाने गेलेले झाड पाणी फार कमी ओढते, त्यामुळे या दिवसांत माती वरून सुकल्याखेरीज पाणी घालू नये.

तीन-चार आठवड्यांत बुंध्यावरच्या जुन्या पेऱ्यांच्या कड्यांवर हिरवे ठिपके फुगू लागतात. सगळे कोंब काही महिने वाढू द्यावेत, मग खुणेच्या जवळचा एक जोमदार कोंब नवा शेंडा म्हणून निवडावा आणि त्याला काठीच्या आधाराने उभा बांधावा. पुढच्या फेब्रुवारीत, हा शेंडा बोटाएवढा झाल्यावर, त्याच्या बगलेपासून विरुद्ध बाजूला उतरणारा तिरका काप आता द्यायचा. कापाचा मध्य कोरणीने किंचित खोलगट करावा. जखमेच्या कडेने नवी साल नेवरीच्या, म्हणजे करंजीच्या, मुरडीसारखी गोल होऊन आत सरकते. खोलगटपणा असला तर ती सपाट मिटते, नसला तर उंचवटा राहतो. तळाची जपलेली फांदी ही जखम अर्धी भरेपर्यंत काढू नये, कारण दोन मोठ्या जखमा एकाच वेळी भरण्याइतके बळ झाडात नसते.

नवा शेंडा बुंध्याच्या सुमारे दोन-तृतीयांश जाड झाला, की याच पद्धतीने आणखी वर दुसरा काप द्यावा. दुसरी जखम मिटल्यावर पहिल्या पावसात झाड खणून काढावे, कौलावर पसरलेली मुळे कडेने छाटावीत आणि पहिले वर्ष खोल कुंडीत, चिऱ्याचा चाळलेला चुरा व शेणखत यांच्या मिश्रणात ठेवावे. उथळ कुंडी त्याच्या पुढच्या वर्षी.