पंप बंद करण्यापासून बूम धरण्यापर्यंत

शूटिंगमधले माझे पहिले पैसे मला आवाज बंद केल्याबद्दल मिळाले. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात एका मालिकेचे चित्रीकरण आले होते. जुन्या कौलारू घराच्या मागच्या पडवीत आई आणि मुलगा यांच्या भांडणाचा प्रसंग चालू होता आणि शेजारच्या बागायतीतला पाण्याचा पंप अखंड घरघरत होता. युनिटमधली दोन मुले पंपाच्या मालकाला विनवून हात हलवत परत आली होती. मी त्या दिवशी जेवणाच्या मंडपात दिवे आणि पंखे जोडून देण्यासाठी आलो होतो. पंप कोणाचा आहे हे मला ठाऊक होते आणि मालकांना दुपारच्या झोपेतून उठवून काही मागितले की नकारच मिळतो हेही ठाऊक होते, म्हणून ते उठून चहा घेईपर्यंत मी त्यांच्या खळ्यात बसून राहिलो. 'तुमचा शूटिंग संपासर माझे माड सुकान जातले, ह्या कोणी बघूचा?' असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. रात्री पॅक अप झाल्यावर पंप मी स्वतः येऊन लावीन, असे कबूल केले आणि पुढचे चार दिवस तसा लावलाही. त्या संध्याकाळी प्रोडक्शन मॅनेजरने माझ्या हातावर पाचशे रुपये ठेवले.

आज मी लोकेशन साऊंडचे काम करतो, म्हणजे चित्रीकरणाच्या जागी कलाकारांचे संवाद ध्वनिमुद्रित करतो. गावातली नुकतीच बारावी झालेली मुले या कामात कसे यायचे हे मला विचारतात, तेव्हा एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण मी स्वतः सरळ वाटेने आलेलो नाही. कोणत्या कामातून काय हाती लागले आणि कोणत्या कामातून काहीच लागले नाही, हे त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

बारावी वाणिज्य झाल्यावर दोन हंगाम मी देवगडच्या बाजूला आंब्याच्या पॅकिंगला होतो. पेटीत जितके डझन कमी, तितके फळ मोठे; चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी असे फळ हातात घेताच वेगळे करायचे आणि रात्री वाशीच्या बाजाराकडे जाणारा ट्रक भरायचा. या कामाचा ध्वनिमुद्रणाला काही उपयोग झाला असे सांगितले तर ते खोटे ठरेल. रात्रभर जागून सकाळी माणसांशी नीट बोलता येते, एवढे मात्र तिथे कळले.

त्यानंतर तारकर्लीला पर्यटकांच्या होड्यांची तिकिटे फाडली. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे सुकती असली की वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि भरती आली की तो पाण्याखाली जातो, त्यामुळे लोकांना कधी नेता येईल हे पाण्यावरच ठरायचे. आमचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य नावाडी, मोबाइलमध्ये काही बघत नसे. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, हा त्याचा हिशोब होता. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा आडाखा मुंबईकडच्या पाण्याला जास्त जुळतो आणि आमच्याकडे भरती त्याच्या थोडी आधीच येते, हेही तो सांगत असे. ही पाठ केलेली गोष्ट काही वर्षांनी एवढी उपयोगी पडेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

पावसाळ्यात होड्या बंद असल्या की हाताला काम नसे, म्हणून कुडाळला टीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात बसू लागलो. तिथे मी सोल्डरिंग शिकलो आणि ड्राय सोल्डर कसा ओळखायचा ते शिकलो. वरून जोडलेली दिसणारी तार आतून सुटलेली असते आणि यंत्र कधी चालते, कधी बंद पडते. असा दोष पकडण्यासाठी लागणारा संयम पुस्तकातून येत नाही.

खरी शिकवणी मिळाली ती साऊंड सर्व्हिसवाल्याकडे. कार्तिकापासून आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि जत्रेला दशावतार असतोच. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. आधी गणपती, सरस्वती आणि काळ्या वेषातला संकासुर यांचा आडदशावतार, मग मुख्य आख्यान. हार्मोनियम, पखवाज आणि झांज एका बाजूला, आणि रंगमंचावर टांगलेले दोन-तीन माइक. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले असते, पण राजा काय बोलेल आणि राक्षस त्याला किती लांबवेल, हे त्या रात्रीच्या रंगावर असते. मिक्सरवर बसणाऱ्याला पुढचे वाक्य कोणाचे हे आधीच ओळखावे लागते. चुकला तर राजाचा पहिला शब्द हवेत जातो आणि पखवाजाची थाप सगळ्यांच्या कानठळ्या बसवते. पहिल्या हंगामात मी रोज शिव्या खाल्ल्या. हळूहळू लक्षात आले की बोलण्याआधी नट श्वास घेतो, त्याचा खांदा किंचित वर येतो आणि त्याच क्षणी फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, वर न्यायचा असतो. शब्दांची वाट पाहत बसणाऱ्याला उशीर झालेलाच असतो.

पंप बंद केल्यावर त्या मालिकेचे पुढचे वेळापत्रक आमच्याच परिसरात होते आणि युनिटने मला 'शांततेसाठी' रोजंदारीवर ठेवून घेतले. भाताची गिरण कधी चालते, मासळीचा टेम्पो कोणत्या वळणावर हॉर्न वाजवतो, कोणत्या घरचा कुत्रा कोणाला भुंकतो, या माहितीला शूटिंगमध्ये किंमत असते, हे मला नवीनच होते. कोकण रेल्वेचे वेळापत्रक मी खिशात ठेवत असे आणि पावसाळ्यात ते वेगळे असते, हे मुंबईच्या माणसांना मीच सांगितले. एके दिवशी रेकॉर्डिस्टची एक केबल मध्येच खरखरू लागली. मी ती हातात घेऊन टोकापाशी वाकवली, दोष सापडला, जेवणाच्या सुट्टीत जोड पुन्हा केला. त्या संध्याकाळी रेकॉर्डिस्ट दादांनी विचारले की, बूम धरशील का?

बूम म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक. तो कलाकाराच्या डोक्यावर, चौकटीच्या जेमतेम बाहेर, तोंडाच्या दिशेने धरायचा असतो. दोन्ही हात वर ठेवून तीन-चार मिनिटे हलायचे नाही, भिंतीवर सावली पडू द्यायची नाही आणि बोलणारा बदलला की माइक त्याच्याकडे आधीच वळलेला असला पाहिजे. संहिता पाठ असली की हे निम्मे जमते. उरलेले निम्मे म्हणजे तो श्वास आणि तो खांदा, आणि तेवढे मी जत्रांमध्ये शिकून आलो होतो.

नवख्यांना वाटते की कॅमेऱ्यातच आवाज जातो. व्यावसायिक कामात तो सहसा वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला जातो, साधारणपणे 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट या मापात, आणि मग क्लॅपच्या ठोक्यावरून किंवा टाइमकोडवरून, म्हणजे दोन्ही यंत्रांवर एकसारख्या नोंदल्या जाणाऱ्या वेळेवरून, चित्राशी जुळवला जातो. प्रत्येक जागेचा स्वतःचा असा शांततेचा आवाज असतो. तो अर्धा-एक मिनिट कोणी न बोलता मुद्रित करून ठेवावा लागतो, म्हणजे संकलनात दोन वाक्यांमधली फट भरता येते. त्या अर्ध्या मिनिटात साठ माणसांना उभ्या जागी गप्प ठेवणे हे या धंद्यातले अवघड काम आहे आणि ते बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसाच्या वाट्याला येते.

कोकणात सर्वांत छळतो तो समुद्र. पंप बंद करता येतो, लाटा बंद करता येत नाहीत आणि लाटांचा आवाज इतक्या पट्ट्यांमध्ये पसरलेला असतो की संवादाला धक्का न लावता तो पुरता गाळता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे तो बदलत राहतो. किनाऱ्यावरच्या एका प्रसंगात नायिकेची बाजू सकाळी दहाला घेतली आणि नायकाची बाजू दुपारी तीनला. मधल्या वेळात सुकती लागून पाणी बरेच मागे गेले होते. दोन्ही बाजू एकापुढे एक लावल्या तर नायिका लाटांत उभी आणि नायक दूर बागेत उभा, असे ऐकू येणार होते. रेकॉर्डिस्ट दादांचे हे लक्षात येण्याआधी मला आले, कारण आदल्या रात्रीच मी तिथीचा हिशोब मांडला होता. आम्ही सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी नुसत्या लाटांचे पाच-पाच मिनिटांचे मुद्रण करून ठेवले आणि ध्वनिसंकलकाने तेच दोन्ही बाजूंखाली सलग पसरले. तेव्हापासून किनाऱ्यावरचे काम असेल तर मी कॉल टाइमच्या, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेच्या, शेजारी तिथी लिहितो. दिग्दर्शन विभागाला सांगून दोन्ही बाजू लागोपाठ घेता आल्या तर उत्तमच, पण उन्हाचा हिशोब कॅमेऱ्याचा असतो आणि वाद झाला तर सहसा ऊन जिंकते.

लेपल माइकचे, म्हणजे कलाकाराच्या कपड्यांत लावायच्या छोट्या माइकचे, दुखणे वेगळे आहे. नऊवारीच्या घड्या आणि खळ दिलेला सदरा माइकवर घासून खसखसतात आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या घामाने चिकटपट्टी तासाभरात सुटते. खाऱ्या हवेने जोडांच्या पितळेवर हिरवट थर चढतो, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून रोज रात्री प्रत्येक जोड पुसावा लागतो. कंटाळवाणे आहे, पण माझ्या अंदाजाने निम्मे बिघाड याच आळसातून होतात.

माझी स्वतःची मोठी चूक मात्र यंत्राची नव्हती. एका घरात चित्रीकरण असताना फ्रिजची घूं ऐकू येत होती, म्हणून मी तो बंद केला. रात्री पॅक अप झाले, सामान भरले, आम्ही निघून गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या काकींनी मला स्वयंपाकघरात नेले आणि एक शब्द न बोलता फ्रिजचे दार उघडले. पाहुण्यांसाठी आणलेली सुरमई होती. मी नवी सुरमई आणून दिली. त्यांनी ती घेतली, पण त्या घरात आम्हाला पुन्हा शूटिंग करू दिले नाही. नंतर एका जुन्या सहकाऱ्याने या धंद्यातला साधा उपाय सांगितला. फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही आणि ती घ्यायला गेले की फ्रिजची आठवण येतेच.

आता शिक्षणाबद्दल. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे 1960 साली सुरू झालेल्या चित्रपट संस्थेत, ध्वनीचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही ध्वनीचे शिक्षण मिळते. पदवी लागते आणि पुण्याच्या या शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र असावे लागते. मी वाणिज्यचा, त्यामुळे ते दार मला बंदच होते आणि हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळले. ज्यांची दहावी नुकतीच झाली आहे त्यांनी शाखा निवडण्याआधी प्रवेशाची चालू वर्षाची माहितीपत्रिका स्वतः वाचावी. शेजारच्या दादावर, म्हणजे माझ्यावरही, विसंबू नये. खासगी संस्थांचे तीन-सहा महिन्यांचे वर्ग भरपूर आहेत. त्यांतल्या कोणाकडेही पैसे भरण्याआधी रेकॉर्डर आणि बूम प्रत्यक्ष हातात किती तास मिळणार एवढेच विचारावे, कारण फळ्यावरची आकृती बघून हाताला कळ लागण्याची सवय होत नाही.

पैशांची बाजू स्पष्ट सांगतो. मालिकेची शिफ्ट बारा तासांची धरतात आणि ती अनेकदा लांबते. बिल दिल्यापासून पैसे हातात येईपर्यंत तीन महिने जाणे हे नेहमीचेच आहे. एका निर्मितीसंस्थेने तर माझे अठरा दिवसांचे पैसे दिलेच नाहीत, कारण माझ्याकडे बोलण्याखेरीज पुरावा नव्हता. तेव्हापासून दिवसाचा दर, शिफ्टचे तास आणि जास्तीच्या तासांचे काय, हे मी आधी संदेशात लिहून घेतो आणि रोज रात्री कॉल शीटचा, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या वेळापत्रकाचा, फोटो काढतो. मुंबईत मोठ्या चित्रपटांवर जायचे असेल तर ध्वनी विभागाच्या संघटनेचे कार्ड विचारले जाते. ते घेण्याआधी कोणा वरिष्ठाच्या हाताखाली काही काम केलेले असले तर बोलणे सोपे जाते. मी तीन वर्षे मुंबईला चौघांत एक खोली घेऊन राहिलो. पहिली दोन वर्षे घरून तांदूळ आणि कोकम येत होते म्हणून टिकलो, हे लपवण्यात अर्थ नाही. आंब्याच्या हंगामात घरी परतून पॅकिंगलाही दोनदा गेलो आणि त्याची लाज वाटली नाही. वाटायला हवी होती असे आजही वाटत नाही.

सध्या वर्षातले पाच-सहा महिने काम गावाच्या आसपासच मिळते, कारण सिंधुदुर्गात चित्रीकरणे येत राहतात आणि बाहेरच्या रेकॉर्डिस्टला इथला एक माणूस हवाच असतो. उरलेले महिने मुंबई. मी गावी आलो की बागायतीचे मालक सकाळी सात वाजता फोन करतात. शूटिंग कुठेच नसते, मी घरी अंथरुणात असतो, तरी ते आधी विचारून घेतात की, आज पंप लावू काय?