डाकिरीत साखर तळाला बसू नये म्हणून
डाकिरी म्हणजे रम, लिंबू आणि साखरेचं कॉकटेल. थंड रम-लिंबात साखर नीट विरघळत नाही. पहिला घोट आंबट, शेवटचा गोडमिट्ट. म्हणून आधी पाक करा.

१. वाटीभर साखर वाटीभर गरम पाण्यात ढवळून विरघळवा. उकळू नका, तार धरलेला पाक इथे नको. गार करून फ्रीजमध्ये ठेवा, दोन आठवडे चालतो.
२. पांढरी रम ६० मिली, ताज्या लिंबाचा रस ३० आणि पाक २० मिली. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरपूर बर्फ घालून बाहेरून दव धरेपर्यंत, १२-१५ सेकंद जोरात हलवा, गाळा.

काळ्या रमला आपल्या बेळगावकडच्या गुळाचा पाक अधिक शोभतो. तो फडक्यातून गाळून घ्यावा.

सोडा असलेलं कॉकटेल असेल तर सोडा ग्लासातच ओता. डब्यात हलवलात तर झाकण उडेल.