देशी गवतांची पारख: आधी दाणा तपासा, मग गवत

देशी गवतं वाफ्यांत पेरून त्यांची तुलना करायची, तर आधी काम ठरवा: उताराची माती धरायची, उजाड कुरण सावरायचं की नाल्याचा काठ बांधायचा? एकच गवत या तिन्हींना पुरं पडेल, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

बी किमान 50 झाडांवरून थोडं थोडं घ्या. पिकलेल्या बियांपैकी 20 टक्क्यांहून जास्त काढू नका. पिशवीवर ठिकाण, जमीन, तारीख लिहा.

खरी गोम पुढे आहे, आणि ती मलाही उशिराच कळली. गवताचं बी म्हणून जे हाती येतं त्यात तूस, कुसळं आणि फोल भरपूर असतं. "हेक्टरी इतके किलो पेरा" हा सल्ला म्हणूनच अर्धवट. किलो कशाचे? नमुन्यातल्या 100 बिया एकेक करून नखाने दाबा. टणक लागली ती भरलेली. मग वजनाने शुद्धता काढा, म्हणजे एकूण मालात भरलेलं बी किती टक्के ते बघा, टिपकागदावर उगवण तपासा आणि दोन्हींचा गुणाकार करा. शुद्धता 40 टक्के, उगवण 30 टक्के, तर जिवंत बी फक्त 12 टक्के. एक किलो जिवंत बियांसाठी सव्वाआठ किलोंहून थोडा जास्तच माल लागेल. प्रत्येक वाण जिवंत बियांच्या समान हिशेबाने पेरा. तसं केलं नाही, तर विरळ वाफ्याचा दोष गवताचा की बियांचा, हे कधीच कळणार नाही.

ताज्या बियांवरून निकाल तर मुळीच देऊ नका. कुसळीसारख्या गवताचं बी कित्येक महिने सुप्त राहतं. ते कोरड्या जागी ठेवा, दर दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. घाई असेल तर टेट्राझोलियम या रसायनाची चाचणी करा, त्यात जिवंत बियांचा गर्भ लाल होतो. गवतासोबत शेंगवर्गीय झाडं पेरणार असाल, तर त्यांचं टणक बी सँडपेपरवर घासून घ्या.

पेरणी उथळ, फार तर एक सेंटिमीटर. प्रत्येक वाणाचे चार वाफे, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. तुलनेला एक ओळखीचं गवत हवंच.

उंचीवर भाळू नका. माती धरायची तर बुडाशी किती जमीन झाकली ते मोजा. उंच झुबक्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यांतून पाणी सुसाट जातं. पहिल्या वर्षी फार तर उगवण कळते. त्यापुढे किमान दोन उन्हाळे किती ठोंब तगले, स्वतःच्या बियांतून नवी रोपं आली का, हे नोंदवा. एखादं गवत वाफ्याबाहेर पसरायला लागलं, तर खूश होण्याआधी ते शेजारची झाडं दडपतंय का ते बघा. दडपत असेल, तर ते यादीतून काढा.