वाळूत रुतलेल्या गंजक्या जहाजाचं मॉडेल, घरच्या घरी

२०११ च्या पावसाळ्यात जुहूला दोन जहाजं येऊन बसली होती, आठवतंय? जूनमध्ये 'विजडम', कोलंबोहून अलंगला तोडायला ओढून नेत होते आणि दोर तुटला. मग जुलैच्या शेवटी 'पवित', ते खलाशांनी ओमानजवळ सोडलेलं, सगळ्यांना वाटलं बुडालं, आणि ते बापडं एकटंच वाहत वाहत आपल्या दारात आलं. दोन्ही नंतर ओढून नेली. मी तिथे उभा राहून बघत होतो आणि डोक्यात एकच, हे इथंच पंधरा-वीस वर्षं पडून राहिलं तर कसं दिसेल. तसं एक छोटं मालवाहू जहाज मी नंतर बनवलं. दोनदा बनवलं, कारण पहिलं फसलं.

कसं फसलं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मॉडेल छान कललेलं, गंज मस्त, मी खूश. शेजारचे काका आयुष्यभर गोदीत कामाला होते, त्यांना हौसेने दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा वर केला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "चांगलंय रे, पण हे कललं कधी, आज सकाळी?" मला काही कळेना. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं, गंजाचे सगळे ओघळ डेकला काटकोनात होते, म्हणजे जहाज सरळ उभं असतानाचे. कलून पंधरा वर्षं झाली तर पावसाचं पाणी तेव्हापासून कुठून खाली येतंय? असं ते म्हणाले आणि चहा प्यायला बसले. माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.

तर आता कामाचं. स्केल १:२०० घ्या. ६० मीटरचं जहाज ३० सेंमीचं होतं, रुंदी साधारण ५ सेंमी, टीव्हीच्या वर मावतं. माणूस साडेआठ मिमी, दरवाजा १ सेंमी, रेलिंग ५ मिमी, हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवा कारण हात आपोआप मोठं मोठं बनवायला लागतो.

सांगाड्याला ३ मिमीचा सनबोर्ड (मॉडेलवाले वापरतात तो हलका फोमचा बोर्ड), आडवे तुकडे कापून दर अडीच सेंमीवर एक. वरची कातडी लग्नपत्रिकेची! खरंच, जाड पत्रिका जमवून ठेवा, विकतच्या आयव्हरी शीटपेक्षा कडक निघतात (आणि तेवढीच त्या सोन्याच्या गणपतीची सोय होते, तो भाग आतल्या बाजूला). १ सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापून नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, मागे चिकटवत जायच्या. खऱ्या जुन्या जहाजाचा पत्रा आतल्या लोखंडी फासळ्यांच्या मधे खोल जातो आणि भुकेल्या बैलाच्या बरगड्या दिसाव्यात तसं दिसतं. त्यासाठी पट्टी लावण्याआधीच संपलेल्या बॉलपेनने मागून दर ३ मिमीला उभी रेघ दाबा, हलक्या हाताने. मग सगळ्यावर पातळ फेविक्विक मुरवायचं, कागद प्लास्टिकसारखा होतो. खिडकी उघडी ठेवा, आणि फेविक्विक पुसायला कापूस चुकूनही घेऊ नका, कापसाला लागलं की ते तापतं आणि धूर निघतो, मी बोट भाजून घेतलंय.

आता गंजून पडलेली भोकं. इथे सगळे चुकतात. जहाजाचा पत्रा १२ मिमी धरला तर १:२०० मध्ये तो ०.०६ मिमी, झेरॉक्सच्या कागदापेक्षाही पातळ. तुम्ही सनबोर्डला भोक पाडलं तर कड ६० सेंमी जाड दिसणार, जहाज नाही किल्ला वाटेल. म्हणून जिथे भोक हवं तिथे कातडीत चौकोनी खिडकी कापा आणि त्यावर हॉटेलच्या पार्सलच्या अ‍ॅल्युमिनियम डब्याचा तुकडा चिकटवा, धुऊन, तेलकट राहिला तर रंग धरत नाही. वाळल्यावर सुईने टोचून टोचून कुरतडा. कात्रीने कापू नका, गंजाची कड सरळ नसतेच कधी. आतून काळा रंग आणि दोन-चार उघड्या फासळ्या, बस.

भोकं कुठे पाडायची याला पण कारण आहे. जिथे पाणी कायम असतं तिथे नाही, आणि अगदी वर कोरडं तिथेही नाही. भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे लाटेचे शिंतोडे उडतात आणि परत वाळतात, मीठ आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे लोखंड सगळ्यात जास्त खाल्लं जातं.

रंगाचा क्रम उलटा असतो, आधी गंज मग रंग. खाली ग्रिलला मारतात ते रेड ऑक्साइड स्प्रेने, त्यावर गडद तपकिरी, स्पंजने थोडे नारिंगी ठिपके. जुना गंज काळपट असतो, नारिंगी म्हणजे ताजा, म्हणून नारिंगी कमीच. वार्निशचा एक हात. मग साधा हेअरस्प्रे दोनदा, वाळू द्या, आणि वरून जहाजाचा मूळ रंग पातळ अ‍ॅक्रिलिकमध्ये, वर काळा खाली लाल. अर्ध्या तासाच्या आत ओल्या ब्रशने भिजवून टूथब्रशने घासा, रंगाच्या खपल्या निघतात आणि खालचा गंज दिसतो. उद्या करू म्हणून ठेवलंत तर रंग पक्का धरतो, मग बसा घासत. मिठाचीही एक पद्धत आहे, मीठ चिकटवून रंग मारायचा आणि मग मीठ झाडायचं, पण जुलैत आपल्याकडे बरणीतल्या मिठालाच पाणी सुटतं, तेव्हा दिवाळीनंतर करा.

यानंतर जे ओघळ येतात ते दोन वेळा करायचे, हाच काकांचा धडा. पहिले जहाज चालू असतानाचे: नांगराच्या भोकाखाली, डेकचं पाणी बाहेर पडतं त्या छिद्रांखाली, डेकला काटकोनात, फिकट आणि पुसट. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) ऑइल कलरचा बारीक ठिपका द्या, टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश खाली ओढा. मग जहाज बेसवर कुशीवर कलतं आणि एक टोक थोडं वर करून पक्कं चिकटवा (नुसतं कुशीवर कललं तर बाजूचे ओघळ तिरके होत नाहीत), कुशीवर बारा-पंधरा अंश पुरे. दोऱ्याला एक नट बांधून शेजारी टांगा, झाला ओळंबा. आता दुसरे ओघळ त्या दोऱ्याला समांतर, गडद, आणि जुन्या ओघळांना तिरके कापत जाणारे. तेवढ्यानेच जहाज कित्येक वर्षांपूर्वी कललंय हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

भरतीचा पट्टाही तसाच, तो जहाजाच्या लाल रंगाच्या रेषेला समांतर नसतो, बेसला समांतर असतो, म्हणजे एका टोकाला रेषेच्या वर आणि दुसऱ्याला खाली. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चारेक मीटरचा फरक पडतो, म्हणजे मॉडेलवर २ सेंमीचा पट्टा. त्यात हिरवट काळं शेवाळ आणि खरखरीत बार्नाकल (जहाजाला चिकटून राहणारे बारीक कवचाचे समुद्री जीव). बार्नाकलसाठी रवा टाकू नका, मी टाकला होता, नारळाएवढे दिसत होते आणि पावसाळ्यात त्यात किडे झाले. मळकट पांढऱ्या रंगात टाल्कम पावडर कालवून स्पंजने टिपा.

गंजाची भुकटी विकत घेऊ नका. तुळशीच्या कुंडीला लावतो तो गेरू, थोडी काजळी, आणि सुकलेल्या खारट धुळीसाठी मुलतानी माती. बाल्कनीच्या ग्रिलचा सुटा गंज मलमलच्या कपड्यातून चाळला तर सोन्याहून पिवळं, फक्त मास्क लावा आणि जुन्या रंगाच्या खपल्या घेऊ नका, त्यात शिसं असू शकतं. हळद नको, उजेडात उडून जाते.

खरी वाळूही नको, कण मोठे दिसतात. टाइलचं ग्राउट पीओपीत मिसळून थापा. नाळेजवळ आणि मागे लाटा वाळू उकरतात, तिथे खळगा करा आणि साचलेल्या पाण्यासाठी पातळ इपॉक्सी (वाळून काचेसारखं होणारं रेझिन) ओता, भोवतीची वाळू जरा गडद. फेविकॉलचं पाणी करू नका, दमट हवेत दुधाळ होतं.

शेवटचं मॅट वार्निश ज्या दिवशी कपडे वाळतात त्या दिवशीच मारा, नाहीतर पांढरी झाक येते. मग रेलिंगला बारीक तार, थोडी वाकलेली, थोडी तुटलेली. आणि एक कावळा, मुंबईचं जहाज आहे. २ मिमीचा काळा ठिपका, चोच पण नको. त्याच्या खाली पांढरा ओघळ द्या, पण तो डेकला काटकोनात नाही, दोऱ्याच्या रेषेत, कावळे जहाज कलल्यावरच आलेत.