स्पष्ट बोलण्याचं इंग्रजी: या चुका टाळा

कोल्हापुरात ‘तोंडावर बोलतो’ ही माणसाची तारीफ असते. रोखठोक, परखड, सडेतोड हे शब्द आपण कौतुकानेच वापरतो आणि एखाद्याला फटकळ म्हणतानाही त्यात थोडी माया असते. इंग्रजीत मात्र कौतुक किती आणि तक्रार किती, हे प्रत्येक शब्दाचं आधीच ठरलेलं आहे. डिक्शनरीत सगळ्यांपुढे ‘स्पष्ट’ एवढंच लिहिलेलं दिसतं, म्हणून आपण हाताला येईल तो शब्द उचलतो. मुलाखतीत आणि परदेशी गिऱ्हाइकाला ईमेल लिहिताना त्याचा फटका बसतो.

‘आमचे सर लई फ्रँक आहेत’

मराठीत हे वाक्य बरोबर आहे, कारण आपल्याकडे फ्रँक म्हणजे मोकळाढाकळा, हसून-खेळून वागणारा. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र ‘सर खरं ते न लपवता सांगतात’ असं कळतं. मनमिळाऊ म्हणायचं असेल तर ‘फ्रेंडली’, कधीही जाऊन बोलता येतं असं सांगायचं असेल तर ‘अप्रोचेबल’. ‘ही इज फ्री अँड फ्रँक’ असं माणसाबद्दल म्हणू नका. ‘फ्री अँड फ्रँक डिस्कशन’ चालतं, पण दोन देशांच्या निवेदनात चर्चा ‘फ्रँक’ झाली असं आलं की तिथे मतभेद झाले असं समजतात.

दोन चुका व्याकरणाच्या आहेत. ‘फ्रँक टू मी’ नव्हे, ‘फ्रँक विथ मी’. ज्या विषयावर बोलायचं त्याला ‘अबाउट’. आणि ‘टू बी फ्रँकली’ असं काही नसतं. एक तर ‘टू बी फ्रँक’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘फ्रँकली’. तेही बोलण्यात एकदाच. दर वाक्याला ‘टू बी फ्रँक’ लावलं की आधीचं सगळं खरं नव्हतं का, अशी शंका येते.

‘कँडिड’ हा याचाच शेजारी. लग्नातल्या कँडिड फोटोत पोझ नसते, तसंच कँडिड बोलण्यात मांडणी-सजावट नसते, म्हणून ‘कँडिड फीडबॅक’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुभ्र पांढरा. रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढरा टोगा घालत, त्यावरून ‘कँडिडेट’ आला.

मुलाखतीत ‘आय अ‍ॅम व्हेरी ब्लंट’

हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. ब्लंट म्हणजे बोथट. आपण लागेल असं बोलणाऱ्याची जीभ धारदार म्हणतो, इंग्रजी त्याच बोलण्याला बोथट म्हणतं: सुरीने नीट कापायचं सोडून दांडक्याने हाणल्यासारखं. समोरच्याला दुखेल याची फिकीर न करता खरं बोलणारा, हा त्याचा अर्थ. तुम्ही सांगताय प्रामाणिकपणा, पॅनेलच्या कानावर पडतं ‘मी माणसं दुखावतो’.

तिथे ‘आय ट्राय टू बी डायरेक्ट’ म्हणा किंवा ‘फोर्थराइट’ वापरा. हा शब्द बहुतेक वेळा चांगल्या अर्थानेच येतो. ‘आउटस्पोकन’ म्हणजे चारचौघांत आपलं मत ठासून मांडणारा. तो गुण की दोष, हे ऐकणाऱ्यावर असतं. ‘कर्ट’ आणि ‘ब्रस्क’ हे सरळ तक्रारीचे शब्द, म्हणजे तुटक आणि तुसडा. स्वतःबद्दल कधीच वापरू नका.

‘स्ट्रेटफॉरवर्ड’ माणसाला लावला तर सरळ, प्रामाणिक. कामाला किंवा प्रश्नाला लावला तर सोपा. ‘लेट मी आस्क अ स्ट्रेटफॉरवर्ड क्वेश्चन’ म्हटलं की सोपा प्रश्न येणार असं वाटतं. थेट प्रश्न म्हणजे ‘डायरेक्ट क्वेश्चन’.

‘तोंडावर सांगितलं’

‘आय टोल्ड ऑन हिज फेस’ चूक. ‘आय टोल्ड हिम टू हिज फेस’ बरोबर; ‘टोल्ड’नंतर ‘हिम’ हवंच. ‘इन युवर फेस’ म्हणजे अंगावर येणारं, आक्रमक. ‘ऑन द फेस ऑफ इट’ म्हणजे वरवर पाहता. एक छोटा शब्द बदलला की अर्थच बदलतो, म्हणून हे तिन्ही तोंडपाठच करा.

‘आय डायरेक्ट टोल्ड हिम’ हीदेखील रोजची चूक. ‘आय टोल्ड हिम डायरेक्टली’ म्हणा. ‘स्ट्रेट’ला मात्र शेपूट लागत नाही: ‘आय टोल्ड हिम स्ट्रेट’.

ईमेलमध्ये ‘की’ कुठे जातो?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून फोनवर कोणी म्हणतो, ‘ड्रॉइंग पाठवा की ओ’. यात मान ‘पाठवा’च्या ‘वा’मध्ये आहे आणि आपुलकी ‘की ओ’मध्ये. इंग्रजीत हेच ‘सेंड द ड्रॉइंग’ होतं. मानही गेला, आपुलकीही गेली, उरला हुकूम. कोल्हापुरी माणूस इंग्रजीत उद्धट वाटतो तो इथे. मनात तसं काही नसतं, पण इंग्रजी क्रियापदाला आदरार्थी रूपच नाही, त्यामुळे मान वेगळ्या शब्दांनी घालावा लागतो: ‘कुड यू सेंड अस द ड्रॉइंग बाय फ्रायडे, प्लीज?’ नुसतं ‘प्लीज सेंड’ लिहिलं तरी तो थोडा सौम्य हुकूमच राहतो.

नकार कळवताना ‘डिलिव्हरी इज नॉट पॉसिबल’ एवढंच लिहून थांबू नका. ‘आय अ‍ॅम अफ्रेड वी कान्ट डिस्पॅच बिफोर द ट्वेंटीएथ’ असं लिहा आणि पुढच्या वाक्यात कारण द्या. इथे ‘अफ्रेड’मध्ये भीती नाही, ‘माफ करा, पण’ एवढाच अर्थ आहे. तारीख मात्र मोघम ठेवू नका. नरमाई शब्दांत हवी, माहितीत नको. कास्टिंगमध्ये ब्लोहोल (ओतलेल्या धातूत हवेने राहिलेली छिद्रं) निघाले असतील तर किती नगात निघाले ते आकड्यात लिहा.

‘डोंट टेक इट अदरवाइज’ भारताबाहेर चटकन कळत नाही. ‘प्लीज डोंट टेक धिस द राँग वे’ कळतं. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ मात्र मान द्यायला वापरू नका. ते ऐकलं की पुढे विरोध येणार हे समोरच्याला कळतं.

वाक्प्रचार वापरताना

मनातलं बोलणं म्हणजे ‘स्पीक युवर माइंड’. त्याला ‘आउट’ जोडू नका. ‘स्पीक आउट’ म्हणजे अन्यायाविरुद्ध जाहीर बोलणं, आणि फोनवर ‘स्पीक अप’ म्हणाले तर फक्त आवाज मोठा करा.

‘मिन्स’ म्हणजे खिमा करणे. शब्दांचा खिमा न करता बोलणारा तो ‘डझन्ट मिन्स हिज वर्ड्स’. हा वाक्प्रचार जवळजवळ नेहमी नकारीच येतो. ‘ही मिन्सेस वर्ड्स’ असं सुटं वाक्य कानाला खटकतं.

‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ शाळेत शिकवतात, पण अमेरिकन माणसासमोर टाळा. ‘स्पेड’ हा शब्द तिथे विसाव्या शतकात कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणून वापरला गेला. त्याऐवजी ‘लेट मी बी डायरेक्ट’ म्हणा आणि सरळ मुद्द्यावर या.