पुढच्या वाहनामागे किती अंतर ठेवावे?

फोंड्याहून पणजीकडे जाताना एकदा माझ्या स्कूटरपुढे एक खासगी मिनीबस होती. रस्त्याकडेला हात दाखवणारा प्रवासी दिसताच कंडक्टरने शिट्टी वाजवली आणि बस जागच्या जागी उभी राहिली. माझे ब्रेक उत्तम होते. अंतर मात्र जेमतेम चार-पाच मीटर होते, त्यामुळे पुढचे चाक बसच्या बंपरला टेकूनच थांबले. चूक बसवाल्याची, असे मी बरेच दिवस सांगत असे. हिशेब मांडल्यावर ती माझीच असल्याचे मान्य करावे लागले.

वाहन थांबण्यासाठी लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत वाहन आहे त्याच वेगाने धावत असते आणि सावध चालकालाही त्यासाठी साधारण एक ते दीड सेकंद लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच 17 ते 25 मीटर संपलेले असतात. पुढे कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबूनही आणखी सुमारे 20 मीटर लागतात. हा दुसरा भाग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 40 च्या वेगाला जिथे नऊ मीटर पुरतात, तिथे 80 ला सुमारे 35 मीटर लागतात.

धावत्या वाहनातून मीटर मोजता येत नाहीत, म्हणून अंतर सेकंदांत मोजावे. पुढचे वाहन विजेचा खांब, मैलाचा दगड किंवा पुलाचा जोड ओलांडत असताना मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' असे म्हणण्यास सुरुवात करावी. दोन्ही आकडे पूर्ण होण्याआधीच आपण त्या खुणेपाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे असे समजून अॅक्सिलरेटर सैल सोडावा. वेग वाढला की हे अंतर मीटरमध्ये आपोआप वाढते, हीच या पद्धतीची सोय आहे. दोन सेकंद हे किमान होय. थकवा असल्यास किंवा मागे कोणी बसले असल्यास मी तीन ठेवतो.

पावसात हा आकडा चार करावा. त्यातही जूनमधील पहिल्या सरी सर्वांत फसव्या असतात, कारण रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ तेव्हा धुऊन गेलेली नसते. खनिजवाहू ट्रकांच्या मार्गावर तांबड्या मातीचा पातळ थर ओला झाला की टायरची पकड आणखी सुटते. डबक्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक ओले असतात. मागे कोणी नाही हे पाहून ते एक-दोनदा हलकेच दाबून घ्यावेत. दुचाकीवर केवळ मागचा ब्रेक दाबण्याची सवय अनेकांना असते, पण वाहन थांबताना भार पुढच्या चाकावर येत असल्याने थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने न दाबता क्रमाने दाबावा. एबीएसमुळे चाक जाम होत नाही आणि हँडल ताब्यात राहते; ओल्या रस्त्याचे अंतर मात्र त्याने कोरड्या रस्त्याइतके होत नाही.

टिपरच्या मागे दोन सेकंदही अपुरे वाटावेत, कारण त्याच्यापुढचे काहीच दिसत नाही. त्याचे आरसे आपल्याला दिसत नसतील, तर त्याच्या चालकालाही आपण दिसत नाही. अनमोड घाट उतरताना गिअर खालचा ठेवावा. सतत ब्रेक दाबून ते तापले की त्यांचा जोर कमी होतो.

मोकळी जागा दिसली की कोणीतरी मध्ये घुसतोच, ही नेहमीची तक्रार आहे. घुसू द्यावे आणि अंतर पुन्हा तयार करावे. दहा जण घुसले तरी वीसेक सेकंदांपलीकडे उशीर होत नाही.

रांगेत थांबतानाही पुढच्या वाहनाचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतकी जागा सोडावी. चढावर ते वाहन थोडे मागे घरंगळले तरी धक्का लागत नाही, आणि ते बंद पडले तर रिव्हर्स न घेता बाजूने निघता येते.