थ्रिलरचं ॲनिमेटेड टायटल प्लॅन करताना

कादंबरीवरनं क्राइम थ्रिलर सिरीज करताय आणि सुरुवातीला ॲनिमेटेड टायटल हवंय, तर लगेच सॉफ्टवेअर उघडू नका. कादंबरी परत वाचा आणि पेन्सिलीने फक्त वस्तूंखाली रेघा मारत जा. चावी, ओली छत्री, फेरीबोटीचा दोरखंड, जे सापडेल ते. प्रेक्षकांत कादंबरी वाचलेले पण असणार आणि न वाचलेले पण, त्यामुळे त्यातली एकच वस्तू अशी निवडा जी शेवटचा एपिसोड बघून झाल्यावर परत बघितली की वेगळीच वाटेल. रक्ताचे थेंब, सुरी, बोर्डावरचा लाल दोरा हे प्लीज सोडा, बघून बघून कंटाळा आलाय.

गोष्ट गोव्यातली असेल तर मी तरी शिंपल्यांची खिडकीच घेईन. जुन्या घरांना असतात त्या, लाकडी चौकटीत काचेच्या जागी पातळ शिंपले बसवलेले, उजेड आत येतो पण पलीकडचं माणूस दिसत नाही, नुसती सावली. थ्रिलरला अजून काय पाहिजे! सावली एका शिंपल्यातनं दुसऱ्यात सरकताना मधल्या लाकडी पट्टीवर तुटते आणि पुढच्यात जरा फिकी किंवा गडद होते, ते तुटणं ठेवाच, स्मूद करायला जाऊ नका, सगळी भीती तिथेच आहे.

मग हिशोब. टायटलमध्ये येणाऱ्या कलाकार-तंत्रज्ञांच्या नावांची यादी आणि क्रम प्रोड्युसरकडनं लेखी फायनल करून घ्या. समजा 14 कार्डं (म्हणजे एका वेळी पडद्यावर येणारी नावं), प्रत्येकी साडेतीन सेकंद म्हणजे 49, सिरीजच्या नावाला 6, उरलेले 5 श्वास घ्यायला, झाला एक मिनिट. सेकंदाला 24 फ्रेम्सने 1440 फ्रेम्स होतात, एक चित्र दोन फ्रेम्स धरलं तर 720 चित्रं. हातात माणसं किती ते बघा आणि जमत नसेल तर चित्रं साधी करा, सेकंद कापू नका, नावं वाचताच आली नाहीत तर काय उपयोग. हॉलिवूडचे टायटल डिझायनर सॉल बास 1950च्या दशकात कापलेल्या कागदासारख्या साध्या आकारांवर टायटलं उभी करायचे, तेव्हा साधं म्हणजे कमी असं अजिबात नाही.

देवनागरीत एक घोळ हमखास होतो. इंग्रजी टायटलं बघून अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि नाव विस्कटतं. त्यापेक्षा शिरोरेषेलाच कामाला लावा, आधी खिडकीच्या आडव्या पट्टीवरनं ती रेघ ओढली जाऊ दे, मग अक्षरं खाली उतरू दे. काने, मात्रा, जोडाक्षरं मोबाईलवर तपासा, बहुतेक लोक तिथेच बघणार.

स्टोरीबोर्ड, म्हणजे क्रमाने काढलेली कच्ची चित्रं, झाला की त्याच चित्रांचं ॲनिमॅटिक बनवा, म्हणजे ती ठरलेल्या वेळेनुसार एकामागोमाग लावलेला कच्चा व्हिडिओ, आणि त्याखाली तात्पुरता आवाज टाका. म्युझिक यायचंय म्हणून थांबू नका, जुलैत कौलांवर पडणारा पाऊस फोनवर रेकॉर्ड केलात तरी टायमिंग कळतं. दिग्दर्शकाचा होकार याच स्टेजला घ्या, रंग भरल्यावर बदल आले तर जीव जातो.

आणि रेंडर करताना, म्हणजे शेवटचा व्हिडिओ काढताना, नावांशिवायची एक कॉपी वेगळी काढून ठेवा, उद्या कोंकणी व्हर्जन करायचं ठरलं तर फक्त अक्षरं बदलावी लागतील.